उत्तरेश्वर मामांना कुणी चालू देईना

आमच्या दिंद्रुडात माणसाला बसायला ओटा मिळतो, प्यायला चहा मिळतो, भांडायला तर कुणीही मिळतं. पायी चालायला मात्र मिळत नाही. खोटं वाटत असेल तर उत्तरेश्वर मामांना विचारा.

मामा म्हणजे माजलगाव रस्त्यावरची काळी-पिवळी जीप. माणूस वेगळा आणि जीप वेगळी असं आम्ही कधी पाहिलंच नाही. रस्त्याच्या कडेला कुणी उभं दिसलं की मामांचा पाय ब्रेकवर गेलाच. आत मुंगी शिरायला जागा नसली तरी मागं वळून म्हणायचे, "सरका बे थोडं, त्यो बी माणूसच हाय." बाळंतीण असो, बाजारला शेळी घेऊन निघालेली म्हातारी असो, नाही तर दहावीच्या पेपरला उशीर झालेली मी असो. मला तर त्यांनी स्वतःच्या उजव्या अंगाला, दाराच्या फटीत कोंबून नेलं होतं. त्यामुळं मी पास झाले, आणि आज फाट्यावर माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. सुरेखाचं दुकान कुठं, म्हणून कुणालाही विचारा.

गेल्या वर्षी मामांच्या छातीत कळ आली ती जीप चालवतानाच. पण माणूस कसा बघा! जीप कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि मगच मान टाकली. आतल्या एकाच्याही अंगाला ओरखडा आला नाही. बीडला नेलं, अँजिओप्लास्टी झाली, जीव वाचला. डॉक्टरांनी सुट्टी देताना बजावलं, "गोळ्या चुकवायच्या नाहीत, तेलकट बंद, रोज चालायचं. इथं मशीनच्या फिरत्या पट्ट्यावर चालायची तपासणी नीट झाली, तरच स्टिअरिंगचं बोलू."

तिथल्या सायली सिस्टरने मामांच्या फोनात एक ॲप टाकून दिलं आणि मनगटावर नाडी मोजणारा पट्टा बांधला. गावात आल्यावर ते ॲप कसं चालवायचं हे शिकवायचं काम माझ्यावर आलं. रोज सकाळी फोनातली बाई मराठीत विचारायची, "गोळ्या घेतल्या का? छातीत दुखतंय का? जेवण पथ्याचं झालं का?" मामा "हो" म्हणायला तोंड उघडणार, तोच चुलीपासून केसरबाई मामींचा आवाज यायचा, "तिला खोटं सांगू नका! काल वाढदिवसाला जाऊन भजे हाणलेत तुमी!" फोनातल्या बाईला मामींसारखी दुसरी सवत मिळाली नसती.

मामांना एकच ध्यास होता, पुन्हा स्टिअरिंग धरायचं. जीप अंगणात ताडपत्रीखाली उभी. मामा रोज ताडपत्री उचलून आत जाऊन बसायचे आणि नुसताच हॉर्न वाजवायचे. किल्ली मामींच्या कमरेला होती.

मग चालणं सुरू झालं. म्हणजे सुरू व्हायचं होतं. मामा ॲपमधलं बटण दाबून फाट्यापासून निघाले आणि गावालगतची गावंदरीची शेतं ओलांडायच्या आत त्रिंबकची मोटारसायकल शेजारी थांबली. त्रिंबक म्हणजे मामांचा पुतण्या.

"काका, पायी? आमी काय मेलो का?"

"आरं, मला चालायचंय."

"आयुष्यभर आमाला बसवून नेलं, आन् आता आमच्या गाडीवर बसाया लाज वाटती का?" त्रिंबकचं तोंड एवढंसं झालं.

मामा बसले. काय करतील? उतरले तर मागून ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरवरून उतरले तर दुधाचा टेम्पो आला. ज्यांना ज्यांना मामांनी कधी जीपमध्ये घेतलं होतं ते सगळे जणू उपकार फेडायला दबा धरून बसले होते. आणि संध्याकाळी फोनातली बाई कौतुकानं म्हणायची, "अभिनंदन! आज तुम्ही खूप छान चाललात!" मामा तो फोन घेऊन माझ्या दुकानात यायचे. आम्ही टाळ्या वाजवायचो. मी तर ओरडूनच सांगायचे, आमचे मामा अख्ख्या तालुक्याला मागं टाकणार!

तपासणीला मामा-मामींसोबत मीही बीडला गेले. ॲपमधले चालण्याचे आकडे बघून डॉक्टर खूश. मामांना पट्ट्यावर चढवलं, पट्टा फिरू लागला, आणि पाण्याचा घोट घ्यायला लागतो तेवढ्यात मामांचा भाता फुलला. तपासणी थांबवावी लागली. सायली सिस्टरने फोन हातात घेतला, नकाशा उघडला आणि कपाळाला हात लावला.

"मामा, हा वेग माणसाचा नाही. मोटारसायकलचा आहे."

डॉक्टर हसले, पण मामा नाही हसले. परतताना एसटीच्या खिडकीकडे तोंड करून बसले होते. तेलगाव आल्यावर हळूच मामींना म्हणाले, "जीप इकून टाक. ताडपत्रीखाली गंजण्यापरीस कुणाच्या तरी कामाला येईल."  मामींनी कमरेची किल्ली आणखी आत खोचली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मामींनी मामांच्या खांद्यावर एक छोटी भगवी पताका ठेवली.

"ह्ये काय?"

"कुणी गाडी थांबवली तर सांगा, कपिलधारच्या देवाला पायी जायचा नवस हाय, त्याचा सराव चाललाय."

आमच्याकडं नवसाच्या माणसाला कुणी गाडीवर बसवत नाही. नवस मोडायचं पाप बसवणाऱ्याच्या डोक्यावर येतं, हे शेंबड्या पोरालाही माहीत. अहो, काय सांगू तुम्हाला! त्रिंबक भरधाव आला, पताका दिसली, त्यानं गाडी बंद करून हात जोडले आणि मामा पुढं जाईपर्यंत तिथंच उभा राहिला. ट्रॅक्टर बाजूला झाला. दुधाच्या टेम्पोवाल्यानं नुसती मान लववली. रस्ता मोकळा! मी दुकानाच्या पायरीवरून शिट्टी मारली. बाईमाणसानं शिट्टी मारू नये म्हणतात. म्हणोत बापडे.

मामा खरेखुरे चालायला लागले. आधी पुलापर्यंत, मग मळ्यापर्यंत, मग त्याच्याही पुढं. नाडी चढली की मनगटावरचा पट्टा थरथरायचा आणि फोनातली बाई म्हणायची, "थोडं थांबा." मामा कठड्यावर बसायचे. कुणी विचारलं, "नवसाला बूट कावून घातलेत?" तर म्हणायचे, "निम्मा नवस डॉक्टरचा हाय." हळूहळू थांबणं कमी झालं. सायली सिस्टर फोन करून सांगायच्या, "मामा, आता वेग माणसाचा येतोय!" आणि मामा तो फोन स्पीकरवर टाकून सगळ्या फाट्याला ऐकवायचे.

एकच गोष्ट त्यांना डाचायची. एकदा मला म्हणाले, "देवाचं खोटं नाव घेऊन चालतोय गं पोरी. बरं न्हाई वाटत." मामी शेजारीच भाकरी थापत होत्या. 

पुन्हा तपासणीचा दिवस आला. या वेळी मामींनी हट्टानं जीप काढायला लावली, किल्ली त्रिंबकच्या हातात दिली, मामांना शेजारी बसवलं. मी मागं. दवाखान्यात पट्टा फिरू लागला तशी मी काचेला नाक लावून उभी राहिले. पट्टा वेग घेत होता, चढत होता, आणि मामा चालतच होते! माझीच छाती अशी उडत होती की कुणी मलाच पट्ट्यावर घेतलं असतं. शेवटी डॉक्टरांनी मामांच्या पाठीवर थाप मारली. "एवढ्यात प्रवासी वाहतूक नको. पण घरच्या गाडीवर, सावकाश, बसा स्टिअरिंगवर."

मामा बाहेर आले ते धावतच. मनगटावरचा पट्टा थरथरला तरी त्यांना पत्ता नाही. जीपजवळ जाऊन मामींपुढं हात पसरला.

"किल्ली."

"आजून न्हाई," मामी म्हणाल्या आणि किल्ली पुन्हा त्रिंबकलाच दिली. "मांजरसुंब्याकडं घे."

मामांचा चेहरा असा पडला की मला मामींचा रागच आला. आपलं गाव एकीकडं आणि ही बाई दुसरीकडं कुठं निघाली? कपिलधारच्या फाट्यावर मामींनी जीप थांबवायला लावली.

"उतरा. हितून पायी."

"आगं, त्यो नवस तर आपण लोकांना सांगायला..."

"तुमी सांगायला. मी खराच बोलले होते. दवाखान्यात तुमाला आत नेलं, दार लावून घेतलं. मी बाहेर एकटी काय करणार? म्हणलं, देवा, ह्यांना उठव, फाट्यापासून तुझ्या पायरीपर्यंत पायी धाडते."

मामांनी विचारलं, "मग खरं कावून न्हाई सांगितलं?"

"तुमी हसला असता. देवाला हसला असता तर त्यानं पोटात घातलं असतं. मी न्हाई घातलं असतं." मग जरा खालच्या आवाजात म्हणाल्या, "सायलीबाईला इचारलंय. बसत बसत जाऊ द्या म्हणल्या."

मामा उतरले. मी पण उतरले. मामी बसूनच राहिल्या.

"आन् तू?"

"नवस तुमच्या पायाचा बोलले. माझे गुडघे देवानं कशाला बघावं?" म्हणाल्या आणि त्रिंबकला म्हणाल्या, "हाण गाडी!"

आम्ही निघालो. मागून गाड्या येत होत्या, लोक डोकं बाहेर काढून म्हणत होते, "बाबा, बसा की!" आणि आयुष्यभर जगाला बसवून नेलेला माणूस हात हलवून म्हणत होता, "न्हाई, तुमी व्हा म्होरं." चढाला पट्टा थरथरला. मामा दगडावर बसले, पाणी प्याले, नाडी उतरल्यावर उठले. ओरडत पुढं पळावं असं मला वाटत होतं, पण मीही त्यांच्याच चालीनं चालले. शेवटी धबधब्याचा आवाज आला आणि वळणापलीकडं देऊळ दिसलं.

पायरीवर मामी बसल्या होत्या. हातातला नारळ तसाच, पाठ देवळाकडं आणि तोंड रस्त्याकडं.

"दर्शन झालं का?" मामांनी विचारलं.

"त्यो कुठं पळतोय? म्हणलं, आदी तुमी दिसा." पदरानं त्यांनी मामांचं कपाळ पुसलं. मग कितीतरी वेळ रडल्या. दवाखान्यातसुद्धा त्या रडल्या नव्हत्या. नारळ मामांनी फोडला, आणि मामींनी त्रिंबककडून किल्ली घेऊन त्यांच्या हातावर ठेवली.

परतताना मामांनी इतक्या सावकाश जीप चालवली की बैलगाडीही पुढं गेली असती. आमच्या फाट्याच्या अलीकडं डोक्यावर बोचकं घेतलेला एक म्हातारा एकटाच पायी चालला होता. मामांचा पाय ब्रेकवर गेला. जीप थांबली. मामांनी डोकं बाहेर काढलं, आणि विचारलं, "बाबा, चालायचंय का बसायचंय?"

"बसू दे रं लेकरा, पाय मोडले माझे."

मामा मागं वळले. "सरका बे थोडं," ते म्हणाले, आणि आम्ही सगळे सरकलो.