डावा हात

बी.एड.च्या इंग्रजीच्या अंतिम पाठासाठी आम्ही चिठ्ठ्या उचलल्या आणि माझ्या वाट्याला गोष्ट आली. मैत्रिणींना व्याकरण निघालं होतं. ग्रुपवर मला लगेच श्रद्धांजलीचे हार आले. आम्हा सगळ्यांचं मत एकच होतं, ज्या पोरांना इंग्रजीत पाणी मागता येत नाही त्यांना गोष्टी-कविता कशाला? मी तर हे आमच्या प्राध्यापिकाबाईंना भर वर्गात ठणकावून सांगितलं होतं. आता माझीच जिरली.

पाठ मिठबावच्या एका शाळेत, आठवीला. नापास झाले तर वर्ष वाया, आणि फोंडाघाटला जूनपासून मिळणारी तासिका तत्त्वावरची नोकरीही गेली. मग मी जे सगळे करतात तेच केलं. आदल्या दिवशी वर्गाची तालीम घेतली. उत्तर येत असेल त्याने उजवा हात वर करायचा, येत नसेल त्याने डावा. म्हणजे सगळा वर्ग हुशार दिसतो आणि मी उजव्यांनाच विचारते. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी तालमीत तोंडच उघडेना. तिला मी सगळ्यांसमोर म्हटलं, "तू गो, डावोच वर कर." पोरं हसली. मीही हसले, आज त्याची लाज वाटते.

गोष्ट छोटी होती. नवरा वारल्यावर एक बाई त्याची होडी विकते आणि न्यायला माणसं येण्याआधी ती घासून धुते. का धुते? गाईडात उत्तर होतं, ती स्वच्छताप्रिय आणि कष्टाळू होती. तेच मी चार पोरांकडून घोकून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी परीक्षक मागच्या बाकावर बसले. माझ्या हातातला खडू ओला झाला होता. मी प्रश्न विचारला, तीस हात वर गेले, एका उजव्याने घोकलेलं उत्तर खडाखड म्हटलं. मी सुस्कारा टाकणार तोच मागून आवाज आला, "त्या मुलीला विचारा. डावा हात."

तिसऱ्या बाकावरची तीच मुलगी उभी राहिली आणि खाली बघत राहिली. मी घाईने म्हणाले, "सिट डाउन." परीक्षक म्हणाले, "थांबा. बाळ, तुझ्या भाषेत सांग."

ती परीक्षकांकडे नाही, माझ्याकडे बघून बोलली. "बाई, आमच्या बापाशीची होडी इकली तेव्हा आवशीन पण धुतल्यान. लोकांच्या घराक घाण कशी धाडूची? चेडवाक लग्नात सासरी धाडताना न्हाऊक घालतत मा, तशी. आणि धुताना रडलेला कोणाक दिसना नाय."

वर्गात कोणी हसलं नाही. पाठाच्या टाचणात पुढे काय होतं ते मला आठवेना. मी फळ्याकडे वळले आणि तिचंच बोलणं इंग्रजीत लिहायला घेतलं. पहिल्याच वाक्यात अडकले. मागून कोणी 'वॉश' दिला, कोणी 'डर्टी', कोणी 'क्राय'. डावे-उजवे हात कोणी बघत नव्हतं, मीही नाही. तीन वाक्यं झाली आणि घंटा वाजली. अर्धं टाचण तसंच राहिलं होतं.

परीक्षकांनी फाईल मिटली आणि विचारलं, "तिचा डावा का?" ती डावखुरी आहे म्हणून सांगता आलं असतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण फळ्यावर तिची आई अजून होडी धूत होती. मी म्हणाले, "सर, मीच सांगितलं होतं. ती ढ आहे असं वाटलं मला." गुण लिहिताना त्यांनी कागदावर हात आडवा धरला होता.

मी पास झाले, काठावर. पण ते कळलं महिन्याने. त्या दिवशी मी व्हरांड्यात आले तेव्हा आता सगळं गेलं असंच धरून चालले होते. ती मुलगी खांबापाशी माझी वाट बघत उभी होती. तिची माफी मागायची म्हणून मी जवळ गेले, पण तिनेच आधी विचारलं.

"बाई, आता मी खयचो हात वर करू?"