तांडेलाच्या खोलीला पाडलेलं भोक

दार करून घ्यावं तर तळा गावच्या या सुताराकडूनच, असं सगळ्या कुलाबा जिल्ह्यात बोलतात. म्हणजे मीच बोलत फिरतो. माझी दारं पावसाळ्यात उघडत नाहीत आणि उन्हाळ्यात लागत नाहीत.

तरी एक माणूस फसला. काशा कोळी, बोर्ली पंचतनच्या पलीकडच्या कोळीवाड्यातला. सुकट विकायला तळ्याला आला होता, माझ्या पडवीत टेकला.

"मिस्त्री, एक खोली करून पायजे. दाराला भायेरून कडी. रेडा धडकला तरी उघडता कामा न्हाय."

"रेडा पाळलायस काय?"

"बा हाय माजा," काशा बोलला, आणि माझं हसू तोंडातच राहिलं.

बाप म्हणजे धाकू तांडेल (तांडेल म्हणजे होडीवरचा मुख्य). दोन वर्षांपासून म्हातारा विसरायला लागला होता. सुनेला बहीण समजायचा, जेवून हात धुतला की पुन्हा पानावर बसायचा. तेवढं चाललं असतं. पण भरती चढायला लागली की हा उठायचा आणि सरळ पाण्यात चालत जायचा. दोनदा गळाभर पाण्यातून ओढून आणला होता. काशाची होडी दुरुस्तीला वर काढलेली, म्हणून तो घरी होता. आठ दिवसांनी ती पाण्यात जाणार होती. सून हिरा मासळीची पाटी घेऊन बाजारात जाणार. मग म्हाताऱ्याला बघायचं कुणी?

"तिसऱ्यांदा गेला तं गेलाच," काशा बोलला.

मी हत्यारांची पिशवी घेऊन निघालो. मांदाडपर्यंत चालत, तिथून मचव्यानं खाडी उतरून दिघीला. मचव्यात बसताना खलाशाला ऐटीत सांगितलं, आपल्याला पाण्याची भीती नाही. मचवा दहा हात गेला नसेल, सकाळची भाकरी खाडीत गेली.

खलाशी बोलला, "मासे जेवले. आता तुमी पानी प्या."

दोन्ही काठांना तिवरांची हिरवीगार झाडी, चिखलात एका पायावर बगळे, हे मी पाहिलं. खाडीच्या तोंडाशी जंजिरा किल्ला फार देखणा दिसतो म्हणे. तेव्हा मी मचव्याच्या दुसऱ्या कडेला ओणवा होतो. दिघीला उतरताना चिखलात गुडघाभर रुतलो. पिशवी डोक्यावर धरली म्हणून हत्यारं वाचली, चप्पल एक गेली. दुसरी ठेवून काय करणार? तीही तिथंच सोडली, निदान जोडी राहील.

अनवाणी बोर्ली गाठली. बाजारात एका दुकानात चहा घेतला. दुकानदार पिकल्या दाढीचे मुसलमान चाचा. कुठं चाललात विचारलं, मी सांगितलं.

"धाकू तांडेल?" चाचांनी हातातला तराजू खाली ठेवला. "आमचे अब्बा त्याच्या मचव्यातून मुंबईला माल न्यायचे. दर्या कितीबी खवळू दे, अब्बा बोलायचे, धाकू आहे ना, खुदाच्या मेहरबानीनं पोचू. आणि तुम्ही त्याला कोंडायला चाललात?"

"मी फक्त दार करतो, चाचा."

"तुरुंगाचं दार करणारा पण हेच बोलत असेल."

चहा तसाच टाकून मी उठलो, असं लिहायला बरं वाटलं असतं. पण प्यालो. पूर्ण प्यालो, फक्त खाली बघून.

कोळीवाड्यात पोचलो तेव्हा बांबूंवर बोंबील वाळत होते आणि वासानं भूक लागत होती. हिरानं तांदळाची भाकरी आणि ओल्या बोंबलाचं कालवण वाढलं. समोर तांडेल बसलेला. रुंद खांदे, पांढऱ्या भुवया, चेहरा असा की मला पाठ ताठ करून बसावंसं वाटलं.

"ह्यो नवा गडी काय?" त्यानं सुनेला विचारलं.

"व्हय आबा."

"हात मऊ हायत ह्याचं. कामाचा न्हाय."

वीस वर्षं रंधा मारलेल्या माणसाला हे ऐकावं लागलं.

खोली घराच्या मागच्या अंगाला होती, समुद्राकडे. पूर्वी तिकडं दार होतं. म्हातारा पाण्यात जायला लागला तसं काशानं ते कुडानं (कारवीच्या काटक्यांची, मातीनं लिंपलेली भिंत) बुजवून टाकलं होतं. आता घराच्या बाजूचं दार मी पक्कं करायचं, की झालं.

भाकरी वाढता वाढता हिरा बोलली, "तकडचं दार बुजवलं तवापासून आबा जास्तीच उठतात."

"तू गप ऱ्हा," काशा बोलला.

मी काशाच्या बाजूनं मान हलवली. मला कामाला बोलावलं होतं, विचार करायला नाही; आणि विचार केला तर तो माझ्याकडून वेगळाच होतो.

तीन दिवस खपून फणसाच्या जाड फळ्यांचं दार केलं. लोखंडी कडी-कोयंडा बसवला. चौथ्या दिवशी अमावास्या, भरती भर दुपारची. हिरा बोर्लीला गेलेली. मी काशाला बोललो, "आता बघ मजबुती." पिशवीसकट आत गेलो, तांडेलालाही घेतलं, त्याला सवय व्हावी म्हणून. "लाव कडी!"

काशानं कडी लावली. मी खांदा मारला. दार हललं नाही. पळत येऊन मारला. खांदा हलला, दार नाही. जन्मात पहिल्यांदा माझ्या हातचं दार नीट लागलं होतं, आणि मी आतल्या बाजूला होतो.

तेवढ्यात किनाऱ्यावरून आरोळी आली. भरतीला कुणाची होडी वर ओढायची होती. कोळीवाड्यात ही आरोळी आली की हातात असेल ते टाकून धावायचं, अशी रीत आहे. काशाच्या हातात मी होतो. त्यानं मला टाकलं आणि धावला.

"काशा! अरे काशा!"

आत अंधार. कुडाच्या पलीकडून पाण्याचा आवाज वाढायला लागला. तांडेल उठला.

"नांगर धरलाय का बघ."

मला वाटलं, खरं सांगावं. "तांडेल, तुमची होडी मोडली कधीच. नांगर कसला?"

कानाखाली अशी बसली की मलाही भरतीचा आवाज दोन्हीकडून यायला लागला.

"होडीवर मानसं झोपलीत!" तांडेल ओरडला. "नांगर सुटला तं खडकावर जातील."

मग मी खोटं बोललो. "धरलाय, धरलाय."

"तू बघितलास?"

"न्हाय."

"मग बोलतोस कशाला?"

तो बोटांनी कूड खरवडायला लागला. नखांत माती गेली, बोटांतून रक्त आलं, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी. एवढा दांडगा माणूस, रडत होता. वर झोपलेल्या माणसांसाठी. मीही रडत होतो, स्वतःसाठी. दार मी बडवतोय, कूड तो खरवडतोय. बाहेरून कुणी ऐकलं असतं तर कोंडायचा कोणता, ते कळलं नसतं.

शेवटी पिशवीतला वाकस (लाकूड तासायची छोटी कुऱ्हाड) काढला. दार तोडायची ताकद नव्हती, म्हणून कुडावर घातला. म्हाताऱ्यासाठी नाही, मला बाहेर पडायचं होतं. दहा-बारा घावांत भोक पडलं. डोकं आणि एक हात बाहेर काढला, आणि पोटाशी अडकलो.

"बाजूला हो," तांडेल बोलला. मला पायाला धरून आत ओढलं आणि स्वतः भोकाशी वाकला.

पाणी भरून आलं होतं. पाच-सहा होड्या नांगरावर एका दिशेला तोंडं करून डुलत होत्या. तो एकेक होडी बघत गेला. खांदे हळूहळू उतरले.

"धरलाय," बोलला. भिंतीला टेकून बसला, आणि माझ्याकडे तंबाखू मागितली.

हिरा बाजारातून आली ती मागच्या अंगानं. भरती पूर्ण चढलेली, कुडातून पुन्हा माझं डोकं बाहेर. तिनं आधी तांडेल कुठंय ते विचारलं.

"इथंच बसलाय."

"भरतीला? बसलेत?" तिची पाटी डोक्यावरून घसरली.

काशा परत आला आणि भोक बुजवायच्या गोष्टी करायला लागला. हिरानं माझ्याच पिशवीतला हातोडा उचलला आणि दाराची कडी उखडून काढली. तीन दिवसांचं माझं काम, तिला तीन घाव लागले. काशा दोन पावलं मागं सरला. तिच्या हातात हातोडा होता.

मी भोक मोठं करून त्याला चौकट बसवली, बसल्या माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर. दुसऱ्या दिवशी सगळे कौतुकानं बघत उभे, आणि भरतीला तांडेल उठून थेट खिडकीतून बाहेर! होड्या मासेमारीला गेलेल्या, समोर नुसतं पाणी. काशानं त्याला वाळूवरच गाठलं. मी गजांचं बोलायला लागलो, तर हिरानं घरामागचं एक जुनं होडकं काशाकरवी खिडकीसमोर नांगरून टाकलं आणि त्याचा दोर चौकटीला बांधला. पुढच्या भरतीला तांडेलानं बाहेर बघितलं, दोर ओढून पाहिला. दोर ताठ. बसला.

आणखी दोन भरत्या बघून मी निघालो. येताना मचव्यात पोट रिकामं होतं, म्हणून डोकं थोडं चाललं. आम्ही समजत होतो, म्हाताऱ्याचं चित्त ठिकाणावर नाही. ते ठिकाणावरच होतं, होडीवर. त्याच्या आणि होडीच्या मधे भिंत आम्ही घातली, आणि तो भिंतीला वळसा घालून कामावर जात होता.

पावसाच्या आधी काशा पुन्हा सुकट घेऊन तळ्याला आला. मी पहिला प्रश्न केला, "तांडेल?"

"हाय. बसतो खिडकीशी. पान्यात येकदाबी गेला न्हाय."

माझी छाती फुगली. "माझी आठवण काढतो का रे?"

"तुजी न्हाय, खिडकीची काढतो. मला इसरला, सोताचं नाव इसरला. पर रोज भरतीला चौकटीवर हात फिरवतो आन् बोलतो, 'कंच्या गाढवानं केली? वाकडी हाय.'"