चाकांवरचा हंडा

परवा व्हिडिओवर धाकटीने विचारलं, "आजी, त्या बसमध्ये शॉवर होता ना? मग आजोबांची अंघोळ एवढी मोठी गोष्ट कशी झाली?" माझे हात तेव्हा कणकेत होते आणि उत्तर लांब होतं, म्हणून आता नीट बसून लिहिते आहे. तुमचे बाबा वाचून दाखवतील.

आधी एक दुरुस्ती. ती बस नव्हती, मोटरहोम होतं. बाहेरून मोठ्या व्हॅनसारखं, आत दोन पलंग, एक शेगडी, आणि मागच्या कोपऱ्यात कपाटाएवढी न्हाणी. तुमच्या आत्याने ते आठ दिवसांसाठी भाड्याने आणलं होतं आणि बेळगावापासून तिनेच चालवलं. तुमच्याकडे नळ फिरवला की गरम पाणी येतं आणि तुम्ही कंटाळेपर्यंत येत राहतं. मोटरहोममध्ये मात्र पाणी टाकीत असेल तेवढंच, आणि गरम पाणी त्याहून कितीतरी कमी. छोटासा दहा लिटरचा गिझर, तोही गाडीची वायर बाहेरच्या विजेला जोडली तरच तापणारा. हे सगळं मालकाने दिलेल्या कागदावर लिहिलेलं होतं. मी तो कागद दोनदा वाचला होता आणि महत्त्वाच्या ओळींखाली पेन्सिलने रेघा मारल्या होत्या. तरीही पहिली चूक माझीच झाली.

पण त्याआधी आजोबांचं सांगते. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं, ते तुम्हाला माहीत आहे. पहिले चार-पाच महिने मी त्यांना अंघोळ घालत होते. त्या वेळात ते माझ्याकडे बघत नसत, भिंतीकडे बघत. मग आपल्या न्हाणीघरात हातात धरायचा शॉवर बसवला, भिंतीला स्टीलची दांडी लावली, प्लास्टिकचं स्टूल ठेवलं. एक दिवस ते म्हणाले, "तू जरा बाहेर थांब," आणि डाव्या हाताने दार ओढून घेतलं. त्या दिवसापासून त्यांची अंघोळ त्यांची. मी बाहेर टॉवेलच्या घड्या घालत उभी असते. एकाच टॉवेलची घडी मी कितीदा घालते, ते त्यांना कळलेलं नाही.

यंदा त्यांना दिवाळी गुंद गावी करायची होती. गुंदला आक्कांचं घर, म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीचं. ऐंशी पार केलेल्या आक्का अजून स्वतः भात वाळत घालतात. आजोबांचा जन्म त्याच घरातला. पण तिथली न्हाणी घराच्या मागे, सात दगडी पायऱ्या उतरून. खाली गुळगुळीत काळा दगड, आणि अंघोळ हंड्यातल्या पाण्याने तांब्या-तांब्याने. तांब्या उचलायचा तो उजव्या हाताने.

"म्हणजे तिथं मला कुणीतरी घालणार," आजोबा म्हणाले. "सणाच्या दिवशी, सगळ्यांच्या देखत. मग नकोच."

ते 'नकोच' इतकं शांतपणे आलं की तुमची आत्या त्याच आठवड्यात हे मोटरहोम शोधून आली. तिने अट एकच घातली. पावसाळ्यात आजोबांना न्यूमोनिया झाला होता आणि डॉक्टरांनी थंडी लागू द्यायची नाही असं बजावलं होतं. "एकदा जरी बाबा कुडकुडले, तरी गाडी वळवून परत," ती म्हणाली. आम्ही दोघांनी शाळेतल्या मुलांसारख्या माना डोलावल्या.

पहिला मुक्काम काळी नदीच्या खोऱ्यात, कुळगीजवळ केला, एका ओळखीच्या घराच्या अंगणात. वीज होती, वायर जोडली, गिझरचा लाल दिवा लागला. संध्याकाळी आजोबांची अंघोळ. स्टूल ठेवलं, टॉवेल ठेवला, आणि शॉवरखाली मी बादली लावली.

आपल्या घरात बादली भरल्याशिवाय कुणी अंघोळीला बसत नाही. माझ्या आईकडे हीच रीत होती, आक्कांकडेही हीच. गरम पाणी आधी बादलीत घ्यायचं, वर थोडं गार घालायचं, हात बुडवून बघायचं, मग बसायचं. शॉवर असला तरी बाजूला भरलेली बादली हवी, नाहीतर अंघोळ सुरू झाल्यासारखी वाटत नाही. अठरा लिटरची बादली मी अर्ध्याच्या वर भरली. गिझर दहा लिटरचा, हे गणित मला येत नव्हतं असं नाही. ते सुचलंच नाही, कारण हात सवयीने चालले होते.

आजोबांनी दार ओढून घेतलं, डोक्याला साबण लावला आणि शॉवर सुरू केला. आधी कोमट आलं, आणि मग थेट टाकीतलं गार. बादलीतलं गरम पाणी त्यांच्या पायाशी होतं, पण वाकून तांब्या भरून डोक्यावर घेणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. आतून आवाज आला, "अगं." एवढाच. मी दार उघडलं, तांब्या घेतला आणि बादलीतल्या पाण्याने साबण धुतला. ते भिंतीकडे बघत होते.

नंतर दोन पांघरुणं घेऊनही त्यांचे दात वाजत होते. रात्रीच्या जेवणाआधी ते दोनदा खोकले. आत्याने माझ्याकडे पाहिलं.

"आई, उद्या गुंदला जाऊ. पण परवाची अंघोळ जर अशीच झाली, तर तिथूनच मागे."

परवा म्हणजे नरक चतुर्दशी. ज्या अंघोळीसाठी एवढा घाट घातला होता, तीच ती अंघोळ.

दुसऱ्या दिवशी दुपारी गुंदला पोहोचलो. शेवटच्या चढावर गाडी पहिल्या गिअरमध्ये रडत होती. आक्का अंगणात उभ्या. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, चाकांकडे पाहिलं, खिडकीतून आत डोकावल्या.

"आलास व्हय रे तम्मा," त्या आजोबांना म्हणाल्या. आमच्या भागात धाकट्या भावाला तम्मा म्हणतात. आजोबा अठ्ठ्याहत्तरीचे आहेत. "घर सोडून गाडीत ऱ्हाणार? म्हातारपणी सर्कशीत भरती झालास काय?"

"तुझ्या पायऱ्या कमी कर, मग घरात येतो."

"पायऱ्या हायत तितक्याच हायत. तुझे गुडघे कमी झाले."

आजोबा हसले. कुळगीनंतर पहिल्यांदाच.

आता विजेची गोष्ट. आक्कांच्या घरात वीज आहे, पण त्या दिवसांत ती येऊन-जाऊन होती, आणि असली तरी बल्ब नुसता लालसर दिसे. गिझरचा दिवा लागला आणि पाच मिनिटांत विझला. आत्याने वायर काढून ठेवली आणि गाडीच्या पायरीवर गालाला हात लावून बसली.

"काय झालं गे पोरी?" आक्कांनी विचारलं.

"आत्ती, पाणी तापत नाही." आक्का तिची आत्या, ती त्यांना आत्ती म्हणते.

आक्कांनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिने तांदूळ शिजत नाहीत असं सांगितलं. "मागं न्हाणीत हंडा हाय, हंड्याखाली चूल हाय, चुलीत लाकडं हायत. पाणी न्हाई तापत म्हणे."

"पण ते शॉवरमधून यायला हवं, आत्ती. बाबांना स्वतःच्या हाताने करायचंय."

"मग त्या शावरला पाणी कुठनं येतं?"

आत्याने त्यांना गाडीच्या बाजूचं छोटं झाकण उघडून दाखवलं. आत टाकीचं तोंड. "इथून भरायचं, आत्ती. मग पंप ते ओढतो, गाडीच्या बॅटरीवर."

"म्हणजे ह्योच हंडा," आक्का म्हणाल्या. "चाकांवरचा. मग तापवून घाल की ह्यात."

हे ना मला सुचलं होतं ना आत्याला. आम्ही दोघी गिझरलाच धरून बसलो होतो. टाकीतच गरम पाणी असलं, तर गिझरची गरज काय? आत्याने मालकाला फोन लावायचा प्रयत्न केला, तिथे रेंज नाही. शेवटी ती म्हणाली, उकळतं नको, पाइप खराब होतील. बादलीत थोडं विसावून, बोट बुडवून लगेच काढून घेता येईल इतपत गरम घालू. मी वहीच्या पानावर मांडलं: संध्याकाळी गार पाण्याच्या चार कळशा, पहाटे गरम आठ. टाकीत बरोबर मावतील.

त्या संध्याकाळी आमच्या भागात पाणी भरतात. घरोघरी न्हाणीतला हंडा चिंच लावून घासायचा, त्याला चुन्याची बोटं ओढायची, गळ्यात कारिटाचा वेल बांधायचा, ताज्या पाण्याने काठोकाठ भरायचा आणि हळद-कुंकू वाहायचं. आक्कांनी न्हाणीतला हंडा पूजला आणि तबक घेऊन त्या वर अंगणात आल्या. गाडीच्या बाजूला, टाकीच्या झाकणाभोवती त्यांनी चुन्याची पाच बोटं ओढली. आरशाला झेंडूची माळ बांधली. मग आम्ही कापडातून गाळून चार कळशा पाणी आत ओतलं, आणि आक्कांनी तबकातून चिमूटभर कुंकू आणि मूठभर झेंडूच्या पाकळ्या घेऊन टाकीच्या तोंडात वाहिल्या.

कागदावर लिहिलं होतं, टाकीत स्वच्छ पाण्याखेरीज काहीही घालू नये. त्याखाली माझी रेघ होती. मी आक्कांच्या शेजारी उभी होते, हात पुढे करून थांबवता आलं असतं. थांबवलं नाही. त्यांनी डोळे मिटून हात जोडले होते आणि माझेही जोडलेले होते. म्हटलं, चार पाकळ्यांनी काय होतंय.

पहाटे धुकं इतकं होतं की अंगणातून न्हाणीचा धूर दिसत नव्हता, नुसता वास येत होता. आत्या आणि मी कळशा वर आणल्या, कापडातून, नरसाळ्याने एकेक करून आत ओतल्या. आठ कळशा, सात पायऱ्या. माझ्या गुडघ्यांबद्दल आक्का काही बोलल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण.

मग तेल. आक्का दोन पायऱ्या चढून गाडीत आल्या, एक हात माझ्या खांद्यावर. आजोबा स्टुलावर बसले होते. न्हाणीचं दार उघडं होतं आणि आक्का दारात उभ्या राहून त्यांच्या डोक्याला तेल चोळत होत्या. हे त्यांना चाललं. लहानपणापासून दर दिवाळीला आक्काच तेल लावायच्या. त्यांनी ओवाळलं, उटण्याची वाटी त्यांच्या डाव्या हाताशी ठेवली आणि खाली उतरल्या. आजोबांनी दार ओढून घेतलं.

पंप सुरू झाल्याचा आवाज आला. मग तो आवाज बदलला, घसा बसल्यासारखा झाला. आतून आजोबा म्हणाले, "पाणी बारीक येतंय." आणि थोड्या वेळाने, "थांबलं."

अंगभर तेल आणि उटणं लावून ते ओले बसले होते, बाहेर धुकं होतं. आत्याने माझ्याकडे पाहिलं आणि माझा चेहरा बघूनच तिला कळलं.

"आई, टाकीत काय गेलंय?"

"पाकळ्या," मी म्हटलं. "काल. मी पाहिलं होतं."

तिने पलंगाखालची फळी उचलली, पंप बंद केला. पंपाच्या अलीकडे मुठीएवढी पारदर्शक डबी होती, आत जाळी. डबी झेंडूने गच्च भरलेली, पिवळी आणि तांबूस. तिने ती फिरवून काढली, जाळी माझ्या पदरावर आपटली, फुंकली, परत बसवली. मी दाराशी तोंड नेऊन म्हटलं, "अहो, दोन मिनिटं. पांघरूण देऊ का?"

"नको. आत वाफ आहे. आतलं सगळं गरमच आहे."

पंप परत सुरू झाला. आता त्याचा आवाज स्वच्छ होता. लगेच पाणी पडल्याचा आवाज आला, भरभरून, छतावर पावसाची सर यावी तसा. दाराखालच्या फटीतून वाफ बाहेर यायला लागली. आत्या फळीवर मटकन बसली आणि तिने डोकं माझ्या गुडघ्याला टेकवलं. तिचे केस झेंडूच्या वासाचे झाले होते, की माझा पदर, ते कळलं नाही. मी टॉवेल हातात घेतला होता, पण घडी घातली नाही.

आजोबांनी त्या दिवशी नळ मध्ये एकदाही बंद केला नाही. तेल धुतलं, उटणं धुतलं, आणि त्यानंतरही पाणी पडत राहिलं. खालून आक्का ओरडल्या, "काळी नदी आत वळवलीस काय रे तम्मा?"

आतून उत्तर आलं, "तू थांब. माझा नंबर हाय."

ते बाहेर आले तेव्हा त्यांचे कान लालबुंद होते. खोकला नव्हता, थरथर नव्हती. आत्याने त्यांचे पाय चाचपून पाहिले, तळवे गरम होते. ती म्हणाली, "भाऊबीजेपर्यंत राहू या," आणि आम्ही राहिलो. तुळशीपुढे ते वॉकर धरून उभे राहिले आणि डाव्या टाचेने कारीट फोडलं. पहिल्यांदा ते निसटून लांब गेलं, मग आक्कांनी त्याला पायाने अडवून धरलं.

तर धाकटे, गोष्ट एवढी मोठी होती.

त्या सकाळी माझी अंघोळ सगळ्यांत शेवटी झाली. टाकी रिकामी होती आणि मला ते बरंच वाटलं. सात पायऱ्या उतरून मी आक्कांच्या न्हाणीत गेले, हंड्याखाली एक लाकूड सारलं, आणि पाणी तापेपर्यंत काळ्या दगडावर नुसती बसून राहिले. मग बादली काठोकाठ भरली.