लेकीच्या वाट्याची मरळ

आमच्या गावात मी माशाची गोष्ट सुरू केली की ऐकणारा आधी अर्धा मासा मनातल्या मनात कापून बाजूला ठेवतो, आणि उरलेल्या अर्ध्यावर विश्वास ठेवावा का, याचा विचार करत तंबाखू मळतो. चूक माझीच आहे. सारी नोकरी हिंगोली आगारात कंडक्टर म्हणून गेली. खड्ड्याखड्ड्यातून जाणारी पेंगुळलेली गाडी जागी ठेवायची तर खरं बोलून भागत नाही. मग मी आमच्या गावतलावातल्या मरळीच्या गोष्टी सांगायचो. एका मरळीनं पाण्यावर आलेल्या म्हशीचं दावं गिळलं आणि म्हैस तीन दिवस तिच्यामागं तलावात फिरली. दुसरीच्या पोटात पितळी तांब्या निघाला, तो अजून आमच्या घरी आहे. तांब्या घरी आहे, एवढं खरं आहे.

आणि असा मी, आयुष्यात पहिल्यांदा निव्वळ खरं बोलायला निघालो, ते या तलावापायी.

तलावाच्या वरच्या अंगाला, डांबरी रस्त्याला लागून, जुन्या डीपी फोडायचा कारखाना निघाला. डीपी म्हणजे शेताच्या कडेला खांबावर चढवलेला तो विजेचा डबा, जो ऐन पाणी द्यायच्या दिवसांत जळतो. त्याच्या पोटात तेल असतं. कारखान्यात तांबं काढून घेतात आणि तेल नाल्याला सोडतात. नाला कुठं जाणार? तलावात. पाण्यावर मोरपंखी तवंग दिसायला लागला. गावातले शहाणे म्हणाले, "तलाव कसा नटून राहिला बघा!"

मी अर्ज केला. मग आधीच्या अर्जाचं काय झालं, असं विचारणारा दुसरा अर्ज केला. शेवटी एक साहेब आले. त्यांनी काठावर उभं राहून तवंगाचा फोटो काढला, फोटोत स्वतःलाही घेतलं आणि नमुना म्हणून चांगले हातहातभर मासे पिशवीत घालून नेले. त्या सांजेला विश्रामगृहाच्या खानसाम्यानं आमच्याच गल्लीतून कोथिंबीर मागून नेली. नमुन्याची तपासणी रश्शात झाली. अहवाल अजून यायचाय. चांगलाच लागला असणार.

त्यानंतर एका कॉलेजची मुलगी मासे तपासायला आली. तिनं मात्र मासे बर्फात ठेवले, एकही खाल्ला नाही. आमच्या ओट्यावर चहा पिता पिता तिनं सांगितलं, "काका, हे तेल पाण्यात विरघळत नाही. अंगातल्या चरबीत जाऊन बसतं आणि तिथून हलत नाही. शेवाळात थोडं, शेवाळ खाणाऱ्या किड्यात जास्त, किडे खाणाऱ्या बारक्या माशात त्याहून जास्त."

मी म्हणालो, "म्हणजे प्रत्येक थांब्यावर माणूस चढतो आणि उतरत कुणीच नाही."

"अगदी तसंच. आणि शेवटचा थांबा म्हणजे म्हातारी, मोठी मरळ. शिजवून ते जात नाही. सगळ्यात वाईट पोटातल्या बाळाला. आईच्या अंगातून ते बाळात उतरतं. मेंदूवर परिणाम होऊ शकतो."

मी गप्प बसलो. मी गप्प बसलो म्हणून बायको स्वयंपाकघरातून बघायला आली, बरं आहे ना म्हणून.

गप्प बसण्याचं कारण असं की आमची लेक सातव्या महिन्यात माहेरी आलेली होती. आणि आमच्या गावाची रीत अशी, की लेक बाळंतपणाला आली की तलावातली सगळ्यात मोठी मरळ तिच्या वाट्याची. ती विकायची नाही, सावकाराला नाही, सरपंचाला नाही. तलावात जाळं टाकणारे भोईमामा ती स्वतः घमेल्यात घालून आणतात. मरळीच्या रश्शानं बाळ-बाळंतीण ठणठणीत होतात, हे आमच्याकडं लेकरालाही पाठ. सगळं विष जिच्यात साठलंय ती शोधून, निवडून, मानानं पोटुशीच्या ताटात वाढायची! कारखानदारानं जन्मभर डोकं खाजवलं असतं तरी त्याला ही युक्ती सुचली नसती.

आठ दिवसांत भोईमामा आलेच. सत्तरीचा माणूस, डोक्यावर घमेलं, वर ओलं पोतं. पोतं काढलं तर आत मांडीएवढी मरळ. मी सांगतोय म्हणून कापून घेऊ नका, मांडीएवढीच होती. माझ्या नाही, पण मांडीच. जिवंत होती. मरळ पाण्याबाहेर लवकर मरत नाही, तोंड उघडून हवा घेत पडून राहते.

"लई दिवस झाले हिच्या मागं होतो," मामा म्हणाले. "तुमच्या पोरीसाठीच ठेवली व्हती म्हणा ना."

मी म्हणालो, "मामा, ही मरळ माझ्या घरात शिजणार नाही."

मामांचा चेहरा असा उतरला, जणू मी त्यांना ओट्यावरून ढकललं. "काहून? आमच्या हातचं चालंना व्हय आता?"

"तुमच्या हातचं काय घेऊन बसलात! तिच्यात विष आहे. डीपीचं तेल."

बायको दारात येऊन उभी. "आवो, मानाची मरळ दारातून परत धाडत्यात का कुठं? आन् विष विष काय लावलं? मूठभर हळद घालते. आपल्या हळदीपुढं कोणतं विष टिकून राहिलं आजपस्तोर?"

हिंगोलीच्या हळदीवर माझीही श्रद्धा आहे, पण ती डीपीच्या तेलाला भिडवायची म्हणजे जरा अति झालं. मी मामांना बसवलं, त्या मुलीनं सांगितलेलं सगळं सांगितलं, थांब्याथांब्यानं. मामा ऐकत होते आणि हळूहळू हसू लागले. "म्हशीचं दावं गिळलेली हीच का हो, कंडक्टर?"

घ्या! आयुष्यभर सोडलेल्या थापा अशा एका दुपारी वसुलीला आल्या.

आम्ही बोलत असतानाच बायकोनं घमेलं आत नेलं होतं. पाव तासानं आत गेलो तर तिथं ते नाही.

"मरळ कुठं?"

"मागल्या दारानं चाचीकडं दिली," बायको भांडी आपटत म्हणाली. "त्यांची सून बी पोटुशी हाय. तुमाला नको तर वाया घालू का मानाचं?"

मी चप्पल न घालता पळालो. चाचीचं घर मागच्याच गल्लीत. पिढ्यान् पिढ्या हळदीचा व्यापार, अंगणात हळकुंडांचे ढीग. चाचीनं मरळ राखेत घोळायची तयारी केलेली, विळी मांडलेली, सून वेताच्या मोड्यावर बसून कौतुकानं बघत होती. मरळ अजून तोंड उघडझाप करत होती.

"चाची, थांबा! खाऊ नका ती!"

"क्या कंडक्टरभाई, आज मछली ने क्या निगला? रेलगाडी?" चाची म्हणाल्या, आणि सून पदरात तोंड घालून हसली.

मी पुन्हा शेवाळापासून सुरुवात केली. तेल, किडे, थांबे. घाम पुसत, हात जोडत. जितकं खरं सांगत होतो तितकी दोघी जास्त हसत होत्या. मला रडू यायचं बाकी होतं. माझ्या मागून मामा येऊन उभे राहिले, तेही हसत होते. एवढ्यात कंबरेला हात लावून, धापा टाकत आमची लेक आली.

"चाची," ती म्हणाली, "बाबांनी आजवर माशाच्या किती थापा मारल्या?"

"गिनती कोन करंगा, बेटी?"

"पन त्यात कधी मासा खाऊ नका म्हनले का? मासा मोठा करत्यात, चवदार करत्यात. नको म्हनलेले मला तर आठवत न्हाई. स्वतःच्या तोंडचा घास जाईल अशी थाप मारनारा मानूस हाय का हा?"

हसणं थांबलं. चाचीनं माझ्याकडं नीट पाहिलं, सुनेच्या पोटाकडं पाहिलं आणि विळी मिटली. तीस वर्षांच्या नोकरीत माझी इतकी इज्जत कुणी राखली नव्हती, आणि इतकी काढलीही नव्हती.

मामा घमेल्यापाशी बसले. "मंग पान्यात सोडून येतो."

"सोडली की उद्या दुसऱ्याच्या जाळ्यात," लेक म्हणाली.

मामांनी माझ्याकडं वळून हळूच विचारलं, "आमी तर रोज खातो. आमच्या घरची लेकरं रोज खाऊन राहिली. त्यांचं काय?"

मी चाचीकडं कुदळ मागितली.

मरळीच्या डोक्यात मामांनीच एक घाव घातला. चाचीच्या परसात, कुत्री उकरणार नाहीत इतका खोल खड्डा मामांनी आणि मी मिळून खणला. माती ओढताना ते एकच बोलले, "तुमच्या पोरीला रीतीचं काय आणू आता?"

आता मामा नाल्यापासून दूरच्या, माळावरल्या एका जुन्या विहिरीत गळ टाकतात. बोटबोटभर मासे लागतात, नुसता काटा. लेक ताटाशी तासभर काटे वेचत बसते आणि बायको माझ्याकडं बघून म्हणते, "असल्या चिपाडानं लेकरू दमदार व्हतंय व्हय?" कारखाना चालू आहे. तिसरा अर्ज मी मामांचा अंगठा घेऊन दिला आहे. कचेरीत विचारलं, माशाचा नमुना जोडलाय का? मी म्हणालो, जोडणार नाही, तुम्ही खाल.

आणि गावात परवा पारावर कुणीतरी विचारलं, लेकीला मासा केवढा आला? मी पहिल्यांदाच दोन बोटं जवळ आणून खरं माप दाखवलं.

एकानं दुसऱ्याला कोपर मारलं. "चांगली हातभर असंल. लपवून राहिलं बेणं."