करगोट्याच्या उंचीचे ओटे

पहाटे साडेचारला जोतीराम उठायचा. गवंडीकामाची थापी हातात धरली तेव्हापासूनची सवय. पळसगावचा नगराध्यक्ष झाला तरी ती गेली नाही. फरक एवढाच, की पूर्वी तो उठून आदल्या दिवशीच्या बांधकामावर पाणी मारायला जायचा. आता उठून, अंघोळ करून, इस्त्रीची टोपी घालून नुसता बसून राहायचा. नगरपालिकेचं दार साडेदहाला उघडायचं.

"आवं, येवढ्या लवकर उठून करायचं काय?" लीलाबाई अंथरुणातूनच विचारायची.

"काम."

"कसलं?"

जोतीराम पायात वहाणा सरकवायचा. मग तो घरातून निघून नगरपालिकेच्या पायरीवर जाऊन बसायचा. शिपाई किल्ली घेऊन यायचा, तेव्हा नगराध्यक्षसाहेब पायरीचा निखळलेला दगड बसवत असायचे.

पळसगाव कोरेगावच्या पुढं, औंधच्या वाटेला. गाव लहान, पण नगरपालिका जुनी आणि भांडणं तिच्याहून जुनी. सत्त्याण्णव साली निवडणुकीत सतरांपैकी आठ जण पृथ्वीराजचे निवडून आले. तो ऊसवाल्या घरातला तरणा गडी. आठ जण नाथाजींचे आले. ते पेठेतले व्यापारी. सतरावा जोतीराम, गवंडी आळीनं उभा केलेला. त्या वेळी नगराध्यक्षाची मुदत वर्षाचीच असायची. पहिलं वर्ष दुसऱ्या गटाला द्यायला कुणी तयार नव्हतं. शेवटी ते जोतीरामला दिलं आणि त्यानंतरचं पृथ्वीराजला, असं ठरलं. गडी सरळ आहे, असं दोन्हीकडचे म्हणाले. म्हणजे आपल्याला आडवा येणार नाही, असं त्यांना म्हणायचं होतं.

साठीच्या जोतीरामला खुर्ची मिळाली, पण काम सापडेना. सही करणं त्याच्या लेखी काम नव्हतं. ज्यानं हाताला घट्टा पडत नाही आणि खांद्याला रग लागत नाही, त्याला काम कसं म्हणायचं? फीत कापणं तर त्याहून हलकं. कात्रीचं तबकसुद्धा दुसराच धरून उभा. सत्कार मात्र रोज. नारळ इतके आले की लीलाबाईनं आळीभर वड्या वाटल्या, आणि नंतर आळी तिला बघून दार लावायला लागली. शालींचा ढीग झाला. त्यातली एक तिनं शेळीच्या करडाला पांघरली.

"आगं, मानाची शाल हाय ती," जोतीराम म्हणाला.

"मान करडालाबी हाय. ऊब न्हाई तेवढी. रातभर थडथडलं बिचारं."

कोनशिलांचं प्रकरण याच्या आधीचं. गावातल्या बहुतेक कोनशिला जोतीरामनंच भिंतीत बसवलेल्या होत्या. एक व्यायामशाळेची होती. तिच्यामागं व्यायामशाळा नव्हती, एरंड होते. एक वाचनालयाची होती. तिला शेळ्या अंग घासायच्या. दगड मात्र सगळे ओळंब्यात, सरळ. जाता-येता जोतीराम त्यांच्याकडे बघून हसायचा. म्हणून अध्यक्ष झाल्यावर पहिल्याच सभेत तो बोलला, "माझ्या वर्षात आधी काम, मग दगुड." टाळ्या पडल्या. टाळ्यांना कष्ट पडत नाहीत.

काम त्यानं एकच धरलं. बुधवारच्या बाजारात आसपासच्या वाड्यांवरच्या बाया भाजी घेऊन यायच्या आणि चिखलात पोतं टाकून बसायच्या. त्यांना बसायला दगडी ओटे बांधायचे. मुख्याधिकारी सुमंतसाहेब वाईचे, मवाळ गृहस्थ. त्यांनी नकाशा करून आणला. जोतीरामनं तो उलटा-सुलटा करून बघितला.

"उंची वाढवा," तो म्हणाला. "करगोट्याइतकी पायजे."

"कमरेइतकी? अध्यक्षमहोदय, नकाशात दीड फूट आहे. दीड फूट पुरे होईल."

"साहेब, सांगलीच्या बाजारात मी उमेदीची वर्सं काढली. हळदीच्या गोदामांचे कट्टे ह्या हातांनी बांधलेत. हमालानं पाठ लावली की पोतं थेट पाठीवर. कंबर वाकायला नको. माल नेहमी करगोट्याच्या उंचीला असावा."

सुमंतसाहेबांनी नकाशा गुंडाळला. घरी लीलाबाईनंही विचारलं, "उंची किती घेतली म्हणं?"

"तुला बांधकामातलं काय कळतंय?"

"बांधकामातलं न्हाई कळत. बसण्यातलं कळतंय."

हे जोतीरामनं कानाआड केलं. कामावर त्याचं लक्ष असं, की गुंडा नावाच्या मुकादमाची माणसं वैतागली. एक थर सुतात नव्हता म्हणून त्यानं तो काढायला लावला. सिमेंटात काडीची कसर केली नाही. अध्यक्षानं कामावर उभं राहू नये, असं कुणीतरी सुचवलं. मग तो उभा राहिनासा झाला. टोपी काढून थापी घेऊन बसायला लागला.

आणि याच सुमारास त्यानं एक गोष्ट कुणाला न सांगता केली. लग्नाला म्हणून सांगलीला गेला, आणि जुना सोबती सिद्धू पाथरवट याच्याकडे कोनशिला सांगून आला. काम आधी, दगड मागनं, हे खरं; पण दगड घडवून ठेवायला काय हरकत आहे, असं त्यानं स्वतःला समजावलं. काळा दगड, वर ओट्यांचं नाव, खाली नगराध्यक्ष म्हणून स्वतःचं, वडिलांच्या नावासकट.

"अक्षरं खोल काढ, सिद्धू. वरवर खरवडल्यासारखी नकोत."

"तुझ्या नातवाच्या नातवाला वाचता येतील बग," सिद्धू म्हणाला.

आयुष्यभर दुसऱ्यांची नावं भिंतीत बसवली, एकदा आपलं बसावं, एवढंच त्याला वाटत होतं. त्यासाठी ओटे त्याच्या मुदतीत पुरे व्हायला हवे होते, आणि झाले. मुदत संपायला पंधरवडा उरला होता. उद्घाटन पुढच्या बुधवारी ठरलं. त्याआधीच्या बाजारी त्यानं बायांना सांगितलं, आजपासनंच बसा वर, बघू कसं होतंय.

पहिली आली मनुबाई. सत्तरीची, वाकलेली, डोक्यावर मेथीची पाटी. आख्खं गाव जोतीरामला आबा म्हणायचं, ही जोत्या म्हणायची. ती ओट्यापुढं उभी राहिली. ओटा तिच्या छातीला लागत होता.

"जोत्या, ह्यावर चढायचं कसं रं?"

"आगं, हात टेकायचं आन् चढायचं."

"तू चढून दाव."

बाजार बघत होता. जोतीरामनं हात टेकले. पहिल्या खेपेला गुडघा घसरला, दुसऱ्या खेपेला टोपी पडली, तिसऱ्या खेपेला गुंडानं मागून रेटा दिला तेव्हा अध्यक्ष वर गेले.

"आता खाली उतर, आन् माजी पाटी घिऊन चढ," मनुबाई म्हणाली.

बाया पदरात तोंड घालून हसायला लागल्या.

"तुला वर बसवतो की आमी धरून."

"आन् बसून काय करू? गिऱ्हाईक खाली, मी वर. मी काय औंधची यमाई हाय व्हय, लोकांनी मान वर करून दर्शन घ्यायला? आन् उतरायचं झालं तर? तुला सभेतनं बोलवून आणू?"

मनुबाईनं ओट्याच्या पायथ्याशी पोतं टाकलं आणि ओट्याला पाठ लावून बसली. एकेक करून सगळ्या बाया तशाच बसल्या.

"टेकायला मातूर झ्याक केलंस बग," ती वर बघून म्हणाली. "ऊन लागायच्या आत पाठ गार वाटती."

दुपारपर्यंत ओट्यांवर दोन रिकामे गडी पत्ते खेळत बसले आणि कडेला एक कुत्रं झोपलं. कुत्र्याला तेवढी उडी जमत होती.

संध्याकाळी जोतीराम आपल्या खोलीत बसला. समोर सुमंतसाहेब. पृथ्वीराजही आला होता. त्यानं खुर्ची ओढून घेतली.

"आबा, लय मनाला लावून घेऊ नका. बुधवारी फीत कापा, तुमचं नाव लागू द्या. उंचीचं काय, मागनं बघू. पायऱ्याबियऱ्या करू."

"मागनं म्हंजे कवा?"

"मागनं म्हंजे मागनं."

जोतीरामला व्यायामशाळा आठवली. ती बांधू म्हणणारा माणूसही मागनंच म्हणाला होता. दोघं गेल्यावर तो बसून वर्ष आठवू लागला. सह्या केल्या, नारळ फोडले, शाली घेतल्या. हात लावून केलं ते एवढंच एक, आणि त्यावर कुत्रं झोपलं. वर्षभर ज्या दगडांना हसला त्यांच्याच रांगेत आपला दगड जाणार. शिवाय त्यांच्यामागं निदान काही बांधलेलं नव्हतं. आपल्यामागं चुकलेलं, आणि तेही पक्कं.

घरी लीलाबाईनं ताट वाढलं. मग ती चुलीकडे वळली. तो नुसता भाकरीचे तुकडे मोडत राहिला.

"बोल की," शेवटी तोच म्हणाला.

"मी काय बोलू? मला बांधकामातलं कळत न्हाई."

"बसण्यातलं बोल."

"बसायला गुडघ्याखाली पायजे. पाय टेकवून ढुंगण टेकता आलं पायजे. पाटी डोक्यावरनं एकटीला उतरवता आली पायजे. झालं." मग भाकरी वाढत ती म्हणाली, "लोकांच्या दगडामागं एरंड तरी हायती. तुमच्या दगडामागं कुत्रं."

सकाळी जोतीरामनं घण आणि पहार काढली. सुमंतसाहेब धावत बाजारात आले.

"अध्यक्षमहोदय! ही नगरपालिकेची मालमत्ता आहे. ठराव लागेल."

"मग करा की. तवर मी घणाला दांडा बसवतो."

सभा बोलावली. ओटे उतरवून नकाशाबरहुकूम दीड फुटाचे करावेत, दगड तेच वापरावेत, असा ठराव आला आणि एकमतानं मंजूर झाला. पळसगावात वर्षातला एकमतानं झालेला तो एकच ठराव. काम लांबलं म्हणजे नाव पृथ्वीराजचं लागणार, हे त्याच्या आठ जणांना कळलं होतं. जोतीरामचं लागणार नाही, हे नाथाजींच्या आठ जणांना पुरेसं होतं.

जोतीराम पहाटे फोडायला लागायचा. दुसऱ्याचं कच्चं काम पाडायला कष्ट पडत नाहीत. आपलं पक्कं काम पाडायला घाम निघतो. घण मारला की नुसता ठो आवाज यायचा, दगड हलायचा नाही. कसर न केलेलं सिमेंट त्याला प्रत्येक घावाला आठवत होतं.

"आबा, जरा तरी चोरी करायची होती सिमेंटात," गुंडा म्हणाला. "आज हात वाचलं असतं."

निम्मे ओटे उतरले आणि मुदत संपली. निरोपाच्या सभेला जोतीराम तसाच आला, भुवयांवर धूळ घेऊन. शाल आली, नारळ आला. सुमंतसाहेब म्हणाले, वर्षाच्या कारभाराबद्दल दोन शब्द बोला.

जोतीराम उठला. "वरीसभर बसलो. बसणाऱ्याला न इचारता बसायची जागा बांधली, ती पाडतोय. उरलेलं उद्या. नारळ घिऊन जातो, पर शाल नको. असल्या शालीत आमचं करडू थडथडतंय."

दुसऱ्या दिवशीपासून तो गुंडाच्या हाताखाली रोजावर गेला. गुंडाला अवघड झालं.

"आबा, कालपातुर तुमी अध्यक्ष. तुमाला रोज कसा द्यायचा?"

"हातात. शनवारी."

महिन्याभरात ओटे झाले. पृथ्वीराजची कोनशिला आली. ती जोतीरामनंच बसवली. पृथ्वीराज मागं येऊन उभा राहिला.

"आबा, सरळ हाय न्हवं?"

"दगुड सरळ हाय."

पृथ्वीराज हसला. फीत कापून झाल्यावर मनुबाई आली. तिनं पाटी एकटीनं उतरवून ओट्यावर ठेवली, मग आपण टेकली, पाय वर घेतले, मेथीच्या पेंढ्या लावल्या. जोतीराम थापी धूत तिच्याकडे बघत होता.

"आता कसं माणसागत वाटतंय," ती म्हणाली. "कुणी केलं रं हे?"

"त्या दगडावर लिवलंय."

"मला कुटं वाचाय येतंय? तूच वाच."

जोतीरामनं वाचलं. पृथ्वीराज, नगराध्यक्ष.

"पोरगं गुणाचं निघालं," मनुबाई म्हणाली. "न्हाईतर तू!"

जोतीरामनं थापी पुन्हा एकदा धुतली.

रविवारी दुपारी सांगलीहून आलेला एक मालट्रक आळीच्या तोंडाशी थांबला. सिद्धू उतरला. दोन हमालांनी पोत्यात गुंडाळलेलं जडशीळ काहीतरी जोतीरामच्या अंगणात आणून ठेवलं. दगड घडवायला सिद्धूला महिनाभर उशीर झाला होता, आणि तो आता नको, हा निरोप पाठवायचा जोतीरामकडून राहून गेला होता. लीलाबाईनं पोतं सोडलं. तिला अक्षरं लावून लावून वाचता यायची. दोन ओळी वाचून ती खाली बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

"कवा सांगितला हो हा? आधी काम, मग दगुड म्हनून सभेत ओरडत होता तवा?"

जोतीराम पोत्याची घडी घालायला लागला. न लावलेल्या दगडाचे पैसे नगरपालिकेकडे मागायला तो जाणार नव्हता. सिद्धू म्हणाला, "ऱ्हाऊ दे गड्या, न्हेतो परत, मागल्या अंगाला दुसऱ्याचं नाव काढतो." पण दगड घडवायला किती दिवस छिन्नी चालवावी लागते, हे जोतीरामला ठाऊक होतं. ओटे पाडून बांधल्याचा सगळा रोज त्यानं सदऱ्याच्या खिशातून काढला आणि सिद्धूच्या हातावर ठेवला.

सिद्धू जेवून गेल्यावर दोघांनी पहारीनं सरकवत दगड परसात, पाण्याच्या हौदापाशी नेला. जुना धुण्याचा दगड कधीचा झिजून गुळगुळीत झाला होता. जोतीरामनं माती उकरून बैठक केली आणि नावाची बाजू खाली घालायला लागला.

"वर ऱ्हाऊ द्या," लीलाबाई म्हणाली.

"कशाला? आल्यागेल्यानं हसायला?"

"गुळगुळीत दगडावर कापड सटकतंय. अक्षरं खोल हायती. मळ चांगला निघंल."

जोतीरामनं पाण्याला उतार देऊन, नाव वर ठेवून, दगड पक्का बसवला. सोमवारी साडेचारला तो उठला, तेव्हा लीलाबाई त्याच्या आधी उठून त्याचा सिमेंटानं कडक झालेला सदरा त्यावर घासत होती. महिनाभराच्या रोजातून घरात धुण्याचा दगड आला होता, आणि मळ खरोखरच चांगला निघत होता.