आधी कोट

माझी वहिनी रफू करायची. असं करायची, की भोक कुठे होतं ते गिऱ्हाइकालाच सापडायचं नाही, आणि मग ते हुज्जत घालायचं, हा कोट माझा नव्हेच म्हणून. खिडकीशी तिचं स्टूल, मांडीवर कापड आणि त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून उपसलेला धागा. मी तिची नणंद, तोंडाने फटकळ. म्हणायचे, दादाच्या स्वभावालाही दोन टाके घाल की. ती मान वर न करता म्हणायची, ते कापड फार विरलंय, टाका धरत नाही.

माझा भाऊ प्लंबर. लोकांच्या मोऱ्या मोकळ्या करत गावभर हिंडणार आणि घरचं बेसिन तुंबलेलं. दिव्याखाली अंधार म्हणतात ते आमच्याकडे बघून म्हणत असावेत. वहिनीने सांगून पाहिलं, मी भांडून पाहिलं. उत्तर ठरलेलं, उद्या बघतो.

त्या दुपारी एका गिऱ्हाइकाचा लोकरी कोट पुरा झाला होता. त्यावरच्या खडूच्या खुणा ओल्या फडक्याने पुसायला वहिनी बेसिनपाशी गेली, तर पाणी काठोकाठ. घरात ती एकटीच होती. तिने दादाच्या हत्यारांच्या पिशवीतून कॉस्टिक सोड्याचा डबा काढला. दादा तो हातमोजे आणि चष्मा घालून, गार पाण्यात चिमटी चिमटीने टाकतो. पण ते त्याने बाहेरच्या घरांत केलेलं, तिला कुठून दिसणार? तिने अर्धा डबा रिकामा केला आणि लवकर विरघळावा म्हणून वरून किटलीतलं उकळतं पाणी ओतलं. कोट तिच्या हातावरच होता. पाणी फसकन उसळलं ते तिच्या तोंडावर आणि कोटावर.

सोडा लोकर खातो, हे रफूवालीला कोणी शिकवावं लागत नाही. ती डोळे मिटून चाचपत न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून कोट त्याखाली धरला. चोळला नाही, पिळला नाही. बोटांना बुळबुळीतपणा लागायचा थांबेपर्यंत वाहत्या पाण्याखाली धरून राहिली. डोळे सुरुवातीला नुसते चुरचुरत होते म्हणे. पुढे आग सहन होईना, तरी आधी कोट दोरीवर टाकला. मग डोळ्यांवर दोन ओंजळी पाणी मारलं, ओला रुमाल ठेवला आणि आडवी झाली.

मी कामावरून आले तेव्हा ती तशीच होती. दादा पाठोपाठच आला. डबा बघून त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने तिला उचललं, नळाखाली बसवलं, पापण्या बोटांनी उघडून धरल्या आणि पाणी सोडलं. सोडा पडलेला ब्लाउज मी कात्रीने कापून काढला. शेजारीण लिंबू घेऊन आली, खाराला आंबटाचा उतारा म्हणून. दादा तिच्यावर असा ओरडला की ती दारातूनच परत गेली. दवाखान्यात नेताना तो गाडीतसुद्धा वहिनीच्या डोळ्यांवर बाटलीने पाणी सोडत होता.

डॉक्टरीणबाईंनीही आधी तेच केलं, धूत राहिल्या. मग विचारलं, उडाल्यावर लगेच किती वेळ धुतलं? वहिनीने सगळं सांगितलं, कोटासकट. बाईंनी पाण्याची धार न थांबवता ऐकून घेतलं.

"कोटाला केलंत ना, तेच डोळ्यांना करायचं होतं," त्या म्हणाल्या. "तसंच वाहतं पाणी, तेवढाच वेळ, आणि त्याच क्षणी. हा सोडा आत उतरत जातो. वाट बघत नाही."

मला राग आला. बाईंचा नव्हे, वहिनीचा. आपल्या अंगापेक्षा लोकांचं कापड मोठं, हे खूळ तिच्या डोक्यात कोणी भरलं? मग आठवलं की तिच्या या खुळाचं कौतुक करणाऱ्यांत आम्ही सगळेच होतो. दवाखान्याच्या जिन्यात बसून मी रडले.

कोटाला काही झालं नाही. गिऱ्हाईक घेऊन गेलं, काम सुरेख झालंय म्हणालं. दादाने तो मुकाट्याने घडी करून दिला. मी असते तर त्याच्या अंगावर फेकला असता.

डोळ्यांवरच्या पट्ट्या काढायच्या दिवशी दादा सकाळीच उठून तयार झाला. किती दिवसांनी गुळगुळीत दाढी केली, धुतलेला शर्ट घातला. बाईंनी पट्ट्या उतरवल्या. वहिनीच्या डोळ्यांवर साय धरल्यासारखा पांढुरका पडदा होता. दादा तिच्या समोर वाकला.

"मी दिसतो का गं?"

वहिनी आवाजाच्या दिशेने वळली आणि हसली.

"दिसता की. पण अहो, दाढी किती वाढवलीत ती."