अक्षता घेऊन जुन्या गावी

नातीच्या लग्नाच्या अक्षता घेऊन मी सोडून कोण जाणार? घरात मोठा मी. मोबाईलवर पत्रिका पाठवून बोलावणं मला पटत नाही. आमच्या विचुंबे गावाहून रिक्षा केली, धाकट्या बहिणीकडे निघालो, आणि उतरलो तो नव्या विमानतळाच्या पत्र्याच्या कुंपणासमोर. विमानतळासाठी तिचं गाव तिथून केव्हाच उठलंय, ती नव्या वसाहतीत राहते, हे मला चांगलं ठाऊक. तरी हातात अक्षता घेऊन मी तिचं जुनं घर शोधत होतो. शेवटी वॉचमनने मुलाला फोन लावला.

मुलगा येऊन मला घेऊन गेला. त्याच्या मनात काय आलं, मला कळलं. माझा बापही म्हातारपणी बंद पडलेल्या मिठागरावर कामाला निघायचा. आई हाताला धरून आणायची. घरी आल्यावर मुलगा म्हणाला, "बाबा, आता एकटं जायचं नाय. अक्षता मी देतो."

"मग लग्नात मी काय, मांडवाचा खांब?"

सून मध्ये पडली. "डॉक्टरला दाखवू. ते म्हणतील तसं."

डॉक्टरीण नातीच्या वयाची. तिने काही शब्द सांगितले, मागाहून विचारले. दोन गळले. मग म्हणाली, "आजोबा, घड्याळ काढून दाखवा."

"दुसरी नापास हाय मी. बघता येतं, काढता नाय येत."

ती हसली. शाळा कमी असली की हे जड जातंच, म्हणाली. मग बापाचं विचारलं, आणि मी काय काय सोसलं तेही. जमिनी गेल्या ते सांगितलं. खाडीत बुडून गेलेला थोरला मुलगाही सांगितला. त्याचं नाव मी घरातही काढत नाही.

ती म्हणाली, "वडिलांचा आजार रक्तातून येऊ शकतो, येईलच असं नाही. जिवाला बसलेले धक्केही डोक्याला भार देतात. आठवण थोडी कमी झालीय, सहा महिन्यांनी परत बघू. पण यांना घरात डांबू नका. माणसांत जाऊ द्या, सोबत कुणी असू दे."

सोबत! मी काय लहान पोर? परतताना मी रिक्षात तोंड फिरवून बसलो. सून म्हणाली, "अक्षतांचं ताट मी धरते, बोलायचं तुमी. तुमच्या नात्यागोत्यातलं मला काय कळतंय?"

कळतंय तिला सगळं. पण बोलली झकास.

दुसऱ्या दिवशी रस्ता तिनेच दाखवला. दारातून हाक मी मारली.

"आलास?" बहीण म्हणाली. "मला वाटलं, पोराला धाडतोस."

"मी हाय ना अजून," म्हटलं, आणि तिच्या हातावर अक्षता ठेवल्या. तिने जवळा-भाकरी खाल्ल्याशिवाय सोडलं नाही.